लहरींच्या शेतातला बांध

(शेलू येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्याला बांधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. दोन शेतांमधली ती हातभर जमीन पीक देत नाही. पण ती नसली तर एकाचे पाणी दुसऱ्याच्या रोपांत शिरते. आकाशातील विद्युतलहरींचेही असेच आहे. दूरचित्रवाणीला एक पट्टा, मोबाइलला त्याच्या शेजारचा आणि मधे मोकळी सोडलेली पट्टी. हा बांध अरुंद झाला की एकाची लहर दुसऱ्याच्या यंत्रात शिरते. तंत्रज्ञ याला व्यत्यय म्हणतात आणि मोकळी पट्टी, गाळणी, अँटेनाची दिशा यांच्या साह्याने तो आवरतात. परंतु बांध कोणाच्या शेतातून काढायचा आणि गाळणीचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न तंत्राचा नाही. तो राजकारणाचा आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. शेलू आणि वरळीचा मनोरा यांच्यामध्ये माथेरानची डोंगररांग आडवी आहे, आणि या लहरी डोंगर ओलांडण्यास नाखूष असतात. अशा ठिकाणी उंच अँटेना आणि बूस्टर यांवाचून गत्यंतर नसते. बूस्टर मात्र आपले-परके ओळखत नाही. दूरचित्रवाणीच्या क्षीण लहरीबरोबर तो शेजारच्या मोबाइलची दणकट लहरही वाढवतो आणि स्वतःच गुदमरतो. जुन्या पद्धतीत चित्रात मुंग्या येत, तरी बातमी ऐकू येई. डिजिटल पद्धतीत चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते. मर्यादा ओलांडताच चौकोन पडतात, चित्र गोठते आणि पडदा काळा होतो. म्हणजे व्यत्ययाचा पहिला फटका मनोऱ्यापासून दूर, डोंगराआड राहणाऱ्याला बसतो.

इंग्लंडमध्ये 2013 साली दूरचित्रवाणीकडून मोकळा केलेला 800 मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना विकला गेला. तेव्हा प्रेक्षकांच्या संरक्षणासाठी 18 कोटी पौंडांचा निधी त्या कंपन्यांनाच द्यावा लागला. घरोघर गाळण्या फुकट पोचल्या. वृद्ध आणि अपंग प्रेक्षकांच्या घरी माणूस जाऊन त्या बसवून आला. ब्राझीलने 2014 च्या लिलावात याहून पुढचे पाऊल टाकले. 700 मेगाहर्ट्‌झचा पट्टा घेणाऱ्या कंपन्यांकडून 360 कोटी रियाल घेतले आणि त्यातून सरकारी साहाय्याच्या यादीतील गरीब कुटुंबांना डिजिटल पेटी व अँटेना मोफत दिली. तत्त्व साधे आहे. शेजाऱ्याच्या जागेवर ज्याला इमला बांधायचा आहे, त्याने शेजाऱ्याचे नुकसान भरून द्यावे.

भारतात काय घडले? 2016 आणि 2021 च्या लिलावांत 700 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. 2022 मध्ये रिलायन्स जिओने त्यातील 10 मेगाहर्ट्‌झ देशभरासाठी घेतला. त्यापूर्वीच प्रसार भारतीने ॲनालॉग पद्धतीचे जवळजवळ सर्व प्रक्षेपक बंद केले होते. डिजिटल प्रक्षेपण आले ते मोजक्या शहरांपुरते. व्यत्ययाचा तंटा येथे फारसा उद्भवला नाही, कारण वादातील एक पक्षकारच बहुतेक ठिकाणी उठून गेला होता! डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही हे खरे. पण तबकडी आणि पेटी ज्याची त्याने विकत घ्यायची.

तंटा उभा राहिला तो दुसऱ्या बांधावर. 2022 च्या लिलावात 5जी सेवेसाठी 3300 ते 3670 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विक्रीस निघाला. केबलवाल्याची मोठी तबकडी उपग्रहाकडून ज्या लहरी घेते, त्या 3700 पासून सुरू होतात. मधला बांध अवघा 30 मेगाहर्ट्‌झचा. उपग्रहाची लहर 36,000 किलोमीटरवरून येते आणि पोचेपर्यंत अत्यंत दुबळी होते. मोबाइलचा मनोरा असतो पलीकडच्या गल्लीत. गाळणी बसवली नाही तर तबकडीवरचे ग्राहकयंत्र त्या शेजाऱ्याच्या जोराने बधिर होते. मोठ्या कंपनीला त्या गाळणीचा खर्च किरकोळ. गावातल्या छोट्या केबलवाल्याला मात्र तो जाणवतो आणि अखेरीस वर्गणीदाराच्या खिशातून निघतो. त्या लिलावात 1 लाख 50 हजार कोटी रुपयांहून अधिक बोली लागल्या. एवढ्या रकमेतून गाळण्यांचा खर्च जड नव्हता.

या लहरींचा मालक कोण, याविषयी संदिग्धता उरलेली नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी दिला. 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द करताना न्यायालयाने तोच विचार पुढे नेला. 2023 चा दूरसंचार कायदाही केंद्र सरकार जनतेच्या वतीने लहरींचे मालक आहे असे म्हणतो. जनतेच्या वतीने मालक म्हणजे विश्वस्त. विश्वस्ताने घर विकावे आणि आत राहणाऱ्याची चौकशीही करू नये, याला विश्वस्तवृत्ती म्हणत नाहीत.

शेलूला हे विशेष समजेल. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींना भाव आला आणि ज्यांच्या घामावर त्या गिरण्या उभ्या होत्या, त्या कामगारांना शेलू-वांगणीची घरे दाखवण्यात आली. त्याविरुद्ध जुलै 2025 मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. जमीन असो की लहर, वहिवाट एकच: जागा मोलाची झाली की आधी गरिबाला उठवायचे आणि हलण्याचा खर्चही त्याच्याच माथी मारायचा.

मोबाइलला विरोध हे समाजवाद्यांचे धोरण असू शकत नाही. कातकरी वाडीतल्या मुलीला अभ्यासासाठी आणि शेलूहून रोज लोकल पकडणाऱ्या कामगाराला कामासाठी तो हवाच आहे. मागणी न्यायाची आहे. पट्टा घेणाऱ्या कंपनीवर व्यत्यय-निवारणाचा पूर्ण खर्च लिलावाच्या अटीतच बांधून टाकावा. छोट्या केबलवाल्यांना गाळण्या त्या निधीतून मिळाव्यात. दारिद्र्यरेषेखालील घरांना फ्री डिशची तबकडी आणि पेटी मोफत द्यावी. तक्रार तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत नोंदवता यावी. 600 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला 2022 मध्ये बोली लागली नाही. तो पुन्हा विक्रीस काढण्यापूर्वी या अटी घातल्या गेल्या पाहिजेत.

कार्यकर्त्यांनी शेलू, नेरळ, वांगणी आणि आसपासच्या वाड्यांत घरोघर जाऊन विचारावे: चित्र कोठे गोठते, कधीपासून, गाळणीचे पैसे कोणी भरले? ही नोंद हाती असली तर दिल्लीशी बोलताना शब्दाला वजन येईल. शेताचा बांध रात्रीतून सरकतो तो मालक झोपला असेल तरच. लहरींचा मालक जागा आहे, हे दाखवून देणे पक्षाच्या हाती आहे.