चेंडूवरची इतर नावे



अमेरिकेतील एखाद्या गायकाच्या पोरवयातील चेंडूवर सही आहे की नाही, याची उठाठेव गोंदियात बसून कशासाठी, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटी आपल्याच घरातील ट्रंकेत सापडेल, असा आमचा भरवसा आहे.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू झाली आणि गावोगाव पोरांचे संघ उभे राहिले. रॉक संगीतात पुढे गाजलेला ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड येथे लहानाचा मोठा झाला, तोही अशाच संघात खेळला. १९८४ सालच्या त्याच्या ‘ग्लोरी डेज’ या गाण्यात, शाळेत चेंडू फेकण्यात पटाईत असलेला आणि पुढे त्याच दिवसांच्या गप्पांत रमणारा एक मित्र येतो.

तिकडे साऱ्या संघाने एका पांढऱ्या चेंडूवर सह्या करून तो जपून ठेवण्याची चाल आहे. समजा, असा एखादा चेंडू लिलावात आला आणि त्यावरचे एक पोर पुढे मोठे गायक झालेले निघाले. गिऱ्हाईक त्याचेच नाव शोधील. पण ती सही खरी कशावरून? मोठेपणीच्या सहीचे नमुने जागोजाग मिळतात, तेव्हा तिची नक्कल करणे सोपे. बाळपणीच्या सहीला आधार असतो तो शेजारच्या दहा अनोळखी नावांचा. ती नावे संघाच्या यादीशी, शाळेच्या पटाशी ताडून पाहता येतात. म्हणजे कीर्तिवंताची साक्ष शेवटी कीर्ती न मिळालेलेच देतात!

आपल्याकडे खेळ आणि गाणे यांची सोयरीक नवी नाही. मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, कसोटीची टोपी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. ते गातही असत. शांताराम नांदगावकरांचे गीत सुनील गावसकरांनी गायले, हेही पुष्कळांना आठवत असेल. आणि आपल्या झाडीपट्टीत? दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार रंगते. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, हा तर आपला जुना रिवाज. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, २०२१ च्या अखेरीस पुन्हा परवानगी मिळाली. पण नाटक पाहणारे गाव तेच राहिले. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपणां सर्वांनाच अभिमान वाटला.

परंतु अशा कलावंतांच्या पोरवयातील वस्तू कोठे आहेत? कबड्डीच्या संघाचे छायाचित्र, पहिल्या नाटकाची जाहिरात, पेटीवाल्याने सही केलेली वही, या गोष्टी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. माणूस मोठा झाल्यावर आपण शोधू लागतो, आणि तोवर सांगणारे निघून गेलेले असतात.

म्हणून आमची विनंती अगदी साधी आहे. घरी गेल्यावर एक जुने सामूहिक छायाचित्र काढा. त्याच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते. आठवत नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा. सह्या असलेला कागद उन्हात टांगू नका, शाई उडते. आणि नावे लिहिताना कोण पुढे मोठा झाला, हे पाहू नका. मागच्या रांगेत टोकाला उभा असलेला मुलगा कोण, हे सांगणारा आज एखादाच उरला असेल. पहिले नाव त्याचे लिहा.