देवलांना मैफलीतून सोडवा



आज १४ जून. १९१६ साली याच दिवशी नाटककार गोविंद बल्लाळ देवल गेले. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, नटांना पुरस्कार देतो आणि संध्याकाळी त्यांची पदे ऐकतो. हाराला माझी हरकत नाही. पुरस्काराला तर मुळीच नाही, नटाचे कौतुक व्हायलाच हवे. माझे भांडण आहे ते संध्याकाळच्या कार्यक्रमाशी. अध्यक्षपद दिलेत म्हणून गोड बोलून खाली बसावे, हे मला जमणार नाही.

देवलांना आपण गाण्यांचा माणूस करून टाकले आहे. कोणत्याही शहरातली नाट्यसंगीताची मैफल घ्या. 'शारदा'तली दोन पदे, 'संशयकल्लोळ'मधली तीन, 'मृच्छकटिक'मधले एखादे, मधे निवेदकाचे चार शब्द, की देवल संपले. शारदा ज्या घडीला गाते त्या घडीला तिचा बाप तिला विकायला निघालेला असतो. आणि मैफलीत त्याच ठिकाणी टाळ्या पडतात, वन्समोअर मिळतो, गायिका हसून नमस्कार करते आणि पुन्हा तीच ओळ घेते. गायिकेचा दोष नाही. तिच्याभोवतीचे नाटक आपणच काढून घेतले आहे. कोण कोणाला, कशासाठी, कोणाच्या देखत हे सांगते आहे, याचा समोरच्या प्रेक्षकाला पत्ताच नसतो. नाटककाराचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही, आणि तो आपण त्याच्या स्मृतिदिनी करतो.

देवलांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा मिळतात ते गाव. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले त्याला तेव्हा बाराच वर्षे झाली होती. पुढे बेळगावात शिकताना त्यांना शिक्षक लाभले ते अण्णासाहेब किर्लोस्कर, आणि मग या मुलाची वाट ठरली. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' उभे राहिले तेव्हा देवल त्यांच्या नाटक मंडळीत होते. १८८५ साली अण्णासाहेब अकाली गेले. त्यानंतर कंपनीच्या तालमी ज्यांनी सांभाळल्या त्यांत देवल अग्रभागी होते. बालगंधर्वांसारखा नट त्यांच्या हाताखाली शिकला. या तालीममास्तर देवलांची आठवण आपण काढतच नाही. वाक्य कुठे तोडायचे, समोरचा बोलत असताना आपण काय करायचे, गद्यातून पदात शिरताना सांधा दिसू द्यायचा नाही, हे शिकवणारा मास्तर स्वतः लिहायला बसला म्हणून त्याचे संवाद जिभेला कुठे अडत नाहीत. 'शारदा'चे गद्य आज मोठ्याने वाचून पाहा. सव्वाशे वर्षे होऊन गेली, पण घरात माणसे बोलतात तसेच ते ऐकू येते. त्या काळच्या किती नाटकांबद्दल हे म्हणता येईल?

आता 'रूपांतरकार' या शिक्क्याकडे वळतो. आमचे काही समीक्षक मान हलवत सांगतात की देवलांची सात नाटके, त्यांतले स्वतंत्र एकच. हिशेब बरोबर आहे. 'दुर्गा' इंग्रजीवरून, 'झुंजारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून, 'मृच्छकटिक' शूद्रकाचे, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचे, 'शापसंभ्रम' बाणाच्या 'कादंबरी'वरून, 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या प्रहसनावरून. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चूक आहे. मर्फीने तरी ते कोठून आणले? मोलिएरकडून. शेक्सपिअरने 'ऑथेल्लो'ची गोष्ट कोठून घेतली? चिंथिओ नावाच्या इटालियन कथाकाराकडून. हेच त्यांनी केले तर प्रतिभा आणि आमच्या हरिपूरच्या माणसाने केले तर उसनवारी, हा न्याय मी मानत नाही.

'ऑथेल्लो' मराठीत देवलांच्या आधीच आला होता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ सालचे. ते काम मोलाचे आहे, पण ते भाषांतरच राहिले. १८९० साली देवलांनी 'झुंजारराव' लिहिले आणि त्यातले झुंजारराव, कमळजा, जाधवराव मराठी रंगभूमीची माणसे झाली. भाषांतर आणि नाटक यांत जे अंतर असते ते देवलांनी ओलांडले. ते ओलांडायला काय लागते, हे ज्याने एक तरी परकीय नाटक मराठीत उभे केले आहे त्याला विचारा.

'संशयकल्लोळ' पाहा. रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, आणि नेमके तेवढेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिका उचलते, आणि फाल्गुनरावाला नेमके तेवढेच दिसते. प्रत्येकाने पाहिलेले खरे असते आणि प्रत्येकाने लावलेला अर्थ खोटा. हा सापळा मोलिएरचाच. पण त्यात चालणारी माणसे देवलांची आहेत. साऱ्या पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे द्यावीत, फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादव्या, रेवती, कृत्तिका, हे कोणत्या इंग्रजी प्रहसनात होते? आणि रेवती कोण केली आहे ते लक्षात घ्या. ती नायकिणीच्या घरची मुलगी आहे. तिला धंद्यात राहायचे नाही, लग्न करायचे आहे, आणि अश्विनशेठ तिच्याशी लग्नच करायला निघाला आहे. त्याच्या आधी 'मृच्छकटिक'मध्ये देवलांनी वसंतसेना आणली होती. गणिकेला कुलवधूचा मान देणारे संस्कृतातले ते नाटक त्यांना मराठीत आणावेसे वाटले, आणि पुन्हा काही वर्षांनी तसाच विषय त्यांनी प्रहसनातून हाताळला. मला हा योगायोग वाटत नाही. नाटककार काय निवडतो, त्यातही त्याचे मन दिसते.

आता 'शारदा'. आज मला मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

१३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला 'शारदा'चा पहिला प्रयोग झाला. तोवर संगीत रंगभूमीच्या नायिका होत्या बहुतेक शकुंतला, सुभद्रा यांच्यासारख्या. राजकन्या, ऋषिकन्या. देवलांनी एका भटाच्या घरातली पोर आणून मध्यभागी उभी केली. बाप कांचनभट पैशाचा हावरा. भद्रेश्वर दीक्षित मधला दलाल. नवरा भुजंगनाथ, पैसेवाला म्हातारा. आई इंदिराकाकू, जिला सगळे कळते आणि जिचे काही चालत नाही. यांतले एकही माणूस प्रेक्षकाला अनोळखी नव्हते. कांचनभट त्याच्या वाड्यात राहत होता, भद्रेश्वराला त्याने स्वतः जेवायला बसवले होते. पुराणातला राक्षस दाखवणे सोपे असते. देवलांनी प्रेक्षकाला त्याचा शेजारी दाखवला, आणि तोही आपल्याच जातीतला, आपल्याच पोथ्या वाचणारा. धाडस ते हे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. लग्न मोडते ते सगोत्रतेच्या कारणाने. कोदंड नावाचा तरुण तो मुद्दा पुढे आणतो आणि विवाह थांबतो. मग म्हणतात, देवल कचरले, मूळ प्रश्नाला बगल दिली, शास्त्राच्या आडोशाला गेले. मी हे तरुणपणापासून ऐकत आलो आहे आणि आज त्याचे उत्तर देऊन टाकतो. १८९९ साली भुजंगनाथाला अडवणारा कोणता कायदा होता? संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला होता, त्यावरून पुण्यात केवढे रण माजले ते सर्वांना ठाऊक आहे, पण त्याने वय बारावर नेले ते शरीरसंबंधाचे. लग्नाचे किमान वय ठरवणारा कायदा नव्हता. पोलिसांत जायची सोय नव्हती. पंचांना बाप मुलगी विकतो यात पाप दिसत नव्हते. म्हाताऱ्याच्या आणि पोरीच्या वयातले अंतर सगळ्या मांडवाला दिसत होते आणि एकाचाही हात पुढे होत नव्हता. पण गोत्र एक आहे म्हटल्याबरोबर तोच मांडव हादरतो! पोरीचे आयुष्य जाते आहे याने जे थांबले नाही ते गोत्राने थांबले. ही बगल नाही. समाजाविरुद्ध याहून कडक आरोपपत्र कोणत्या नाटकाने लिहिले आहे ते मला दाखवा.

आणि देवल तिथे पडदा टाकत नाहीत. लग्न मोडले म्हणून शारदा सुटली का? नाही. आता ही मुलगी कोण पत्करणार, हा प्रश्न उभा राहतो आणि ती नदीवर जीव द्यायला जाते. सुटकाही बाईच्याच अंगावर कशी उलटते, हे त्यांनी तेव्हा पाहिले होते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचे लग्न लागते. हा शेवट ज्यांना मिळमिळीत वाटतो त्यांनी आधीचा नदीचा प्रसंग पुन्हा वाचावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती अशा सभांमधूनच पसरते. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण शारदा कायदा म्हणतो, तो या नाटकावरून ओळखला जातो, असे व्याख्याते ठोकून देतात. ते खरे नाही. अजमेरच्या हरविलास सारडा यांनी तो मांडला, त्यांचे नाव त्याला मिळाले. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा त्याने ठरवले. देवलांना खोट्या श्रेयाची गरज नाही. कायदा व्हायच्या तीस वर्षे आधी त्यांनी गावोगावच्या मांडवांतून हा प्रश्न लोकांच्या पुढ्यात ठेवला. एवढे खरे श्रेय असताना उसने कशाला?

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त संताप आणतो. म्हणे विषय जुना झाला, जरठकुमारी विवाह आता कुठे राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ची पाहणी सांगते की महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झाले होते. पाचांत एकीहून जास्त! बीडकडच्या ऊसतोडीच्या गावांत जाऊन पाहा. दिवाळीच्या सुमारास आईबाप तोडीला जातात. मागे राहिलेल्या वयात येणाऱ्या मुलीला सांभाळायचे कोणी? आणि मुकादमाची उचल मिळते ती जोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. मग मुलीचे लग्न लवकर उरकले की तिची काळजी मिटते आणि नवा कोयताही तयार होतो. तिथला नवरा म्हातारा नसतो, तोही पोरगाच असतो. बाप कांचनभटासारखा लोभी नसतो, बहुतेक वेळा तो हतबल असतो. हा फरक मी मान्य करतो. पण मुलीच्या लग्नात पैशाचा हिशेब शिरतो आणि मुलीला कोणी विचारत नाही, हे देवलांनी दाखवलेलेच आहे. इंदिराकाकू आजही चुलीपाशी गप्प बसलेली आहे. विषय जुना झाला म्हणणाऱ्याने त्या आईसमोर उभे राहून ते म्हणावे.

मला माहीत आहे की संगीत नाटक पूर्ण करणे सोपे नाही. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 'मराठी रंगभूमी' ही नाट्यसंस्था किती कष्टाने चालवली हे आपण पाहिले आहे. गोव्यात आजही देवळांच्या उत्सवांत गावची माणसे दिवसभर शेतीची, दुकानाची कामे करून रात्री संगीत नाटके करतात. त्यांना मी मनापासून नमस्कार करतो. नाटकाच्या अंगात गाणे असते आणि गाण्याला नाटकाचे अंग असते, हे ज्ञान त्यांच्याकडे टिकले आहे. आपण शहरवाले मात्र गाणारा मिळाला की त्याला नायक करतो आणि कांचनभटाच्या भूमिकेला, भद्रेश्वराच्या भूमिकेला जो मिळेल तो उभा करतो. तालीम पदांची होते, गद्याची आदल्या रात्री. भद्रेश्वर कच्चा पडला की 'शारदा' कोसळते, कारण पोरीचा सौदा जुळवणारी जीभ त्याची आहे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पुढच्या वर्षी या दिवशी पदांचा कार्यक्रम नको, देवलांचे एक नाटक आदीपासून अंतापर्यंत हवे. आधी 'शारदा', मग 'मृच्छकटिक', मग 'झुंजारराव', जे कित्येक तरुण नटांनी उघडूनसुद्धा पाहिलेले नाही. संगीत नाटकातल्या गद्य भूमिकेसाठी वेगळे पारितोषिक हवे, आणि ते गायनाच्या पारितोषिकाइतक्याच रकमेचे. सातही नाटकांच्या नेटक्या, टिपांसह छापलेल्या आवृत्त्या शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पोहोचायला हव्यात. आणि 'शारदा'चा एक प्रयोग ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या मुलींच्या वसतिगृहांत न्यायला हवा, साधे पडदे, पेटी-तबला आणि चांगले पाठांतर एवढ्या सामानानिशी.

पैशाचे काय, असे कोषाध्यक्ष विचारतील. यंदाच्या मैफलीचा खर्च त्यांच्या वहीत आहेच. तोच पुढच्या वर्षी तालमींना द्या, आणि कमी पडेल त्यात पहिली भर माझ्या मानधनाची घाला. ठराव मी आत्ताच मांडतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथे व्यासपीठावर येऊन बोलावे, मी ऐकायला बसलो आहे. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.