एका भागासाठी दोन कारखाने

मृग जवळ आला की आमच्या शेलू-नेरळकडचा शेतकरी राबात भाताचे बी टाकतो. पण कणगीतले सगळे बी तो कधी टाकीत नाही. पावसाने दडी मारली, रोप करपले, तर पुन्हा पेरावयास घरात थोडे बी असावे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कारखानदारीत मात्र हीच गोष्ट जमाखर्चाच्या वहीत उधळपट्टी दिसते. म्हणून आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

शेलूच्या पुढचे स्टेशन नेरळ. तेथून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1907 साली सुरू झाली. रूळ अवघा दोन फूट रुंदीचा, आणि डोंगरातली वळणे अशी की साध्या इंजिनाचे तिथे काम नाही. वळणावर आस जरा सरकेल अशा खास बनावटीची इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याकडून आणली. आता नटबोल्ट काय, कल्याणच्या बाजारातही मिळेल. पण असला आस? तो ज्याने बनवला त्याच्याकडेच मागावयाचा. पुढे 1914 साली महायुद्ध पेटले आणि जर्मनी इंग्रज सरकारचा शत्रू झाला. मालात खोट नाही, कारागिरात खोट नाही, तरी पत्र टाकून भाग मागवण्याची वाट बंद!

त्याच युद्धात किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यालाही लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई सोसावी लागली. कारखाना 1910 सालचा, म्हणजे नुकताच उभा राहिलेला. टंचाई पडल्यावर पर्याय शोधणे किती जिकिरीचे, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेव्हा अनुभवास आले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका बरे का. 2025च्या एप्रिलात चीनने काही दुर्मिळ धातू आणि त्यांचे लोहचुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या मोटरीत हे चुंबक लागते. पुण्याच्या बजाज कंपनीच्या चेतक स्कूटरचे उत्पादन त्या पावसाळ्यात त्यापायी रोडावले. अख्खी गाडी तयार, आणि मुठीत मावेल एवढ्या वस्तूसाठी खोळंबा.

मग परदेशातून भाग घेऊच नयेत काय? तसे माझे म्हणणे नाही. तिथे स्वस्त आणि चांगला मिळत असेल तर अवश्य घ्यावा. पण ज्या भागावाचून सगळे काम थांबते, असे दोन-चार भाग निवडून काढावेत आणि त्यांच्यापुरता देशातला दुसरा पुरवठादार जोडावा. नुसते त्याचे नाव वहीत टिपून ठेवणे म्हणजे जोडणे नव्हे. शंभरातले पंधरा-वीस नग त्याच्याकडून दरमहा घ्यावेत, मग ते थोडे महाग का पडेनात. त्याचे यंत्र लागलेले राहते, माणसांचा हात बसतो, नमुना तपासून मंजूर झालेला असतो. आणीबाणीत नव्याने साचा करायला बसलात, तर त्यातच महिने जातात. साचा आणि ड्रॉइंग यांची मालकी आपल्याकडे असावी, हे कराराच्या कागदावर आधीच लिहून घ्यावे. आणखी एक खुबी अशी की या दुसऱ्याचा कच्चा माल कुठून येतो तेही विचारावे. दोघांचेही पोलाद एकाच बंदरातून येत असेल, तर दोन कारखाने नावालाच!

जवळच्या माणसाचा उपयोग किती, ते जपानात दिसले. 1 फेब्रुवारी 1997 रोजी आयसिन या कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक लहानसा वाल्व्ह टोयोटा कंपनी जवळजवळ सर्वस्वी तेथूनच घेत असे, आणि साठा तर काही तासांचाच. गाड्यांचे काम थांबले. पण आसपासच्या लहानमोठ्या कारखान्यांत ड्रॉइंगे वाटली गेली, ज्यांनी हा वाल्व्ह कधी केला नव्हता त्यांनीही तो करून दिला, आणि आठवड्याभरात गाडे रुळावर आले. सातासमुद्रापलीकडच्या ओळखीवर हे झाले नसते.

आता खोपोली-खालापूरकडे ज्यांचा मुलगा किंवा भाऊ लेथवर काम करतो, त्यांच्यासाठी. दुसरा पुरवठादार बहुधा असाच कोणी होतो. जहाज अडकले की मोठा कारखाना धावत त्याच्याकडे येतो. तो कर्ज काढून यंत्र घेतो. जहाज आले की काम बंद. गरज सरो, वैद्य मरो. याने त्या घराचे तर वाटोळे होतेच, पण पुढच्या अडचणीत हाक मारायला तो उरतही नाही. म्हणून दरमहा किती नग घेणार आणि काम थांबवावयाचे तर किती महिने आधी कळवणार, हे त्याने लेखी मागावे. यात संकोच कसला? पैशाचेही तसेच. लहान उद्योगांसाठीचा 2006चा कायदा सांगतो की माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. करार नसेल तर पंधरा दिवसांत. त्यासाठी उद्योगाची उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य होते, आधार क्रमांक लागतो, आणि गावातल्या शिक्षकांना तो अर्ज भरून देणे काही अवघड नाही.