ऐकू येणारे घर



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात खोलीच्या लांबीरुंदीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या सीमाभागात भाषा शाळेइतकीच घरातही कानांनी शिकली जाते. आपल्या येळ्ळूरच्या नावातच ‘ळ’ दोनदा आला आहे. स्वर दीर्घ आणि बलवान असतो, व्यंजन क्षीण आणि क्षणिक. घुमणाऱ्या खोलीत मागच्या अक्षराचा स्वर पुढच्या व्यंजनावर चढून बसतो. मग आजोबा ‘कल’ म्हणाले की ‘कळ’, हे नातवाला अंदाजाने ठरवावे लागते.

जुनी कौलारू घरे या बाबतीत सुदैवी होती. उतरते छप्पर जमिनीला समांतर नसे, कौलांच्या फटींतून पुष्कळसा आवाज निघून जाई आणि भाताची पोती, घोंगड्या, वाकळा उरलेला शोषून घेत. कोणी शास्त्र म्हणून हे केले नव्हते, हे खरे. आता स्लॅब आला, गुळगुळीत गिलावा आला, फरशी आली. आणि दहा बाय दहाच्या खोलीची उंचीही दहाच फूट ठेवण्याची आवड आली.

ही घनाकृती खोली ऐकण्यास सर्वांत वाईट. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्याची एक ये-जा वीस फुटांची. म्हणजे सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा खर्जातला सूर त्या अंतराला नेमका बसतो. तिन्ही बाजू सारख्या असल्या की तो तिन्ही दिशांनी एकदम फुगतो, आणि त्याच्या दुपटी-तिपटीचे सूरही तसेच. डग्ग्याचा एखादा बोल गडगडतो, दुसरा बुडतो. लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट केली, तरी तोच सूर पुन्हा गाठ घालतो.

सेपमायर या संशोधकाने १९६५ मध्ये सुचविलेल्या प्रमाणांपैकी एक १ : १.१४ : १.३९ असे आहे. दहा फूट उंचीला साडेअकरा फूट रुंदी आणि चौदा फूट लांबी, असा त्याचा साधा हिशेब. मग ते मूळ सूर ५६, ४९ आणि ४० असे विखुरतात. एवढी खोली आपल्याकडच्या बेताच्या प्लॉटवरही बसते. पाया खणण्यापूर्वी फक्कीच्या रेघा थोड्या सरकवाव्या लागतात, इतकेच. गवंडी कुरकुरेल, त्याला कुरकुरू द्यावे.

मात्र प्रमाणाने खर्ज सावरतो, घुमणे थांबत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सेबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या आणून मांडल्या. जितक्या गाद्या वाढल्या, तितके रेंगाळणे कमी झाले. विजापूरचा गोल घुमट आपण शाळेच्या सहलीत पाहिला आहे. तेथील प्रतिध्वनीचा आनंद मोठा, पण त्या घुमटाखाली हरिपाठ म्हणून पाहावा!

ज्यांची घरे बांधून झाली आहेत, त्यांनी जाड सतरंजी अंथरावी, एका भिंतीला पडदा सोडावा, रेडिओ ऐकताना खोलीच्या नेमक्या मध्यावर बसू नये. समोरच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट ठेवावे. लहानमोठ्या पुस्तकांची उंचसखल रांग आवाज विखुरते. कपाटाला काच मात्र लावू नये.