टीडीएस चांगला, म्हणजे पाणी चांगलं?

आज एका छोट्याशा बाटलीची गोष्ट सांगतो.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. बहिणीच्या धाकट्या पोराला महिन्याभरात दुसऱ्यांदा जुलाब लागले होते. म्हटलं, पाणी तपासूया. ऑनलाइन मागवलेला टीडीएस मीटर होताच. आडाच्या पाण्यात बुडवला, आकडा आला 280. आज्जी लगेच म्हणाली, "बघ! आपल्या आडाचं पाणी गोड आहे. तुझा आजा ह्याच पाण्यावर ऐंशी वर्षं जगला."

मलाही पटलं. आणि तिथंच चुकलो.

टीडीएस मीटर काय करतो? पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. बस्स. जंतू त्याला दिसतच नाहीत. आपल्याकडचं प्रमाण, आयएस 10500, सांगतं की पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. मीटरचा आकडा कितीही छान असला तरी याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या जलसुरक्षकाकडून एचटूएसची बाटली आणली. वापर सोपा आहे. हात धुवायचे, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि ती घरातच ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं, तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता.

आमची बाटली सकाळी बघितली तर काळीकुट्ट! आज्जी काही बोलली नाही. उठली आणि पाण्याचं पातेलं चुलीवर चढवलं.

मग कारण शोधलं. आडापासून पंधरा पावलांवर शेजारच्या संडासाचा खड्डा, आणि वर पावसाळा. आजाच्या काळात तो खड्डा नव्हताच!

हे फक्त खेड्यातच होतं असं नाही हं. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. दूषित पाण्यातून, अन्नातून तो पसरतो.

आता आडात नियमानं टीसीएल पावडर पडते. अर्ध्या तासानं आम्ही ओटी टेस्ट करतो. दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की क्लोरीन शिल्लक आहे. तरी पिण्याचं पाणी उकळूनच घेतो. आणि एक लक्षात ठेवा, नायट्रेट किंवा फ्लोराइड उकळून जात नाही, आणि एचटूएसच्या बाटलीत कळतही नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

आज्जी अजून कुरकुरते, "पाण्याला औषधाचा वास येतो रे." मी म्हणतो, येऊ दे. पोरगं आता बरं आहे.

तुमच्या गावचं पाणी शेवटचं कधी तपासलं होतं? ग्रामपंचायतीत एकदा विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!