आजोबांची खोली, आमची ड्युटी

 

आपल्याकडच्या पोरी नागपूरला, चंद्रपूरला, कुणी नदी ओलांडून तेलंगणात आया म्हणून कामाला जातात. कुणी दवाखान्यात, कुणी वृद्धाश्रमात. मीही गेले होते. एका वृद्धाश्रमात चार वर्षं काढली. आज तिथल्या धुराबद्दल बोलायचं आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

माझ्याकडे पुरुषांच्या बाजूच्या सहा खोल्या होत्या. तीन खोल्यांत बिडी चालायची. अंग पुसणं, चादर बदलणं, लकवा झालेल्या माणसाला घास भरवणं, ही कामं दारात उभं राहून होत नाहीत. एकेका खोलीत अर्धा-पाऊण तास जातो. थंडीत खिडक्या बंद, कारण म्हाताऱ्या माणसाला वारा सोसत नाही. एका आजोबांचा हात चालत नव्हता. गोधडीवर ठिणगी पडू नये म्हणून त्यांची बिडी संपेपर्यंत ती आम्हीच धरायची, असा तिथला रिवाज होता. रात्रपाळी करून घरी गेले की माझा लेक जवळ यायचा, पदराचा वास घ्यायचा आणि विचारायचा, "आई, तू बिडी पितेस का गं?"

खोकला लागला तेव्हा मी चुलीला दोष दिला. लहानपणापासून चुलीचा धूर खाल्लेल्या बायका आपण, बिडीच्या धुराचं काय एवढं, असंच वाटायचं. पण अगोदरच धूर खाल्लेल्या छातीला आणखी धूर जास्तच बाधतो.

एकदा मी एका आजोबांना म्हटलं, "आजोबा, मी यायच्या वेळेला जरा बाहेर जाऊन ओढा ना." ते शांतपणे म्हणाले, "पोरी, हे माझं घर आहे. आता दुसरं घर कुठं आहे मला?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं शेत गेलं, बायको गेली, गाव सुटलं, एक बिडी तेवढी राहिली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांचं ते घर माझी कामाची जागा होती, आणि मला तिथून उठून जाता येत नव्हतं.

एक सांगून ठेवते, मी काही बिडीच्या धंद्याची वैरीण नाही. मे महिन्याच्या उन्हात मीही तेंदू तोडलाय, ७० पानांचे पुडे बांधून फळीवर नेलेत. त्या पैशांत घर चाललंय. पण म्हणून धूर गोड होत नाही.

हा धूर करतो काय? बिडी न ओढणाऱ्यालाही त्यातून दमा वाढतो, हृदयाचा आजार होतो, फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. पोटुशी बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं. १९८१ साली जपानमध्ये हिरायामा नावाच्या डॉक्टरांनी ९० हजारांवर बायकांचा अभ्यास छापला. या बायकांनी स्वतः कधी सिगारेट ओढली नव्हती. ज्यांचे नवरे ओढायचे, त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. पंखा लावून, खिडकी किलकिली करून हा धोका जात नाही. वास कमी होतो, एवढंच.

आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही, कारण आपला त्रास मुख्यतः खर्र्याचा. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात १०० प्रौढांमागे तंबाखू खाणारे २४ निघाले आणि ओढणारे जेमतेम ४. पण त्याच सर्वेक्षणात, देशभर बंद जागेत काम करणाऱ्या १०० जणांमागे ३० जण कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर घेत होते.

कायदा आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. वृद्धाश्रम हा शब्द त्यात नाही, पण 'कामाची जागा' हा शब्द आहे. जागेच्या प्रमुखानं पाटी लावायची, तक्रार कुणाकडे करायची ते लिहायचं, आणि राखेची वाटी, काडेपेटी पुरवायची नाही, असंही नियम सांगतो. आमच्याकडे वाट्या ऑफिसातूनच यायच्या!

हा पेच परदेशातही पडला. इंग्लंडमध्ये २००७ ला बंदी आली, तेव्हा वृद्धाश्रमांना सवलत दिली. राहणाऱ्यांसाठी ठराविक खोली ठेवता येईल, पण दार बंद राहिलं पाहिजे आणि धूर दुसऱ्या खोलीत जाता कामा नये. आता त्या खोलीत झाडू मारायला कोण जाणार? बाईच ना!

आमच्यातली एक जण पाच महिन्यांची पोटुशी होती. तिच्यासाठी आम्ही चौघी मिळून मॅनेजर साहेबांकडे गेलो. एकटी गेले असते तर "म्हाताऱ्यांशी कशाला भांडता" म्हणून परत पाठवलं असतं. आम्ही म्हटलं, भांडायचं नाही, ठरवायचं आहे. दोन-तीन चकरा झाल्या. मग कडुनिंबाखाली, खिडक्यांपासून लांब, बाकडं टाकलं. सकाळच्या चहानंतर आणि दोन्ही जेवणांनंतर तिथं बसायचं, चालता न येणाऱ्यांना व्हीलचेअरवर न्यायचं. वाट्या गोळा झाल्या. पोटुशी बाईला बायकांच्या बाजूची ड्युटी मिळाली. आजोबा लोक आठ दिवस रुसले. मग बाकड्यावर गप्पा रंगायला लागल्या, बिडी न ओढणारेही येऊन बसू लागले.

लकवा झालेल्या आजोबांचं मात्र सुटलं नाही. त्यांना उचलून बाहेर नेणं रोज जमायचं नाही. त्यांची पाळी आम्ही आपसात वाटून घेतली. त्यांना बिडी सोडवायचा नीट प्रयत्न कुणीच केला नाही, आम्हीही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हाताऱ्या माणसाची आता काय सुटणार, असं आपणच ठरवून टाकतो.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. तुमच्या घरात किंवा कामावर कुणी असेल तर लिहून घ्या: १८००-११-२३५६. पेन नसेल तर घेऊन या, नंबर परत सांगते. १८००-११-२३५६.