देवळांतील जुनी चांदी आणि तिची पारख
(ज्युबिलीच्या तयारीसाठीं भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीसाठीं रंगरंगोटी झाली, मांडवाचें ठरलें, वर्गणीही जमली; शेवटीं देवळाच्या कपाटांतील जुन्या चांदीचा प्रश्न निघाला. कांहीं मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, काळवंडलेलीं आणि पोंचे आलेलीं हीं भांडीं सराफाकडे मोडीस द्यावींत व त्या पैशांत लखलखीत नवा संच घ्यावा. दुसऱ्या मंडळींस हें रुचलें नाहीं; पण कां रुचलें नाहीं, तें त्यांस नीट सांगतां येईना. तेव्हां त्या वस्तू पाहून यादी करण्याचें व मत देण्याचें काम आम्हां चौघांकडे आलें. तें मत आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. पण नुसतें मत ऐकून कोणाचें समाधान होत नाहीं, म्हणून तें कसें बनलें हेंही सांगतों. शिवाय आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजीची गुलाबदाणी किंवा आजोबांचें पानदान असेल, आणि हाच प्रश्न तेथेंही केव्हां ना केव्हां उभा राहतो.

सराफ वस्तु तराजूंत घालतो आणि त्या दिवसाच्या भावानें पैसे मोजतो. घडणावळ तो धरीत नाहीं. त्यांत त्याचा दोष नाहीं, कारण त्यास धातु हवा आहे, वस्तु नको आहे. पण हें वजनही नेहमीं खरें बोलत नाहीं. आपल्या कपाटांतील मोठ्या मेणबत्तीदानांची जोडी हातीं घेतली तेव्हां ती इतकी जड लागली कीं, शेजारीं उभ्या असलेल्या एका गृहस्थांनीं तिची किंमत तेथल्या तेथें लाखांत केली. बुडाचें हिरवें कापड किंचित् उचलून पाहतां आंत राळ भरलेली आढळली. पातळ पत्र्याचें मेणबत्तीदान कलंडूं नये म्हणून आंत राळ किंवा प्लास्टर भरण्याची ही जुनी विलायती रीत आहे. भरणाऱ्यानें कोणास फसविलें नाहीं. वजनावरून चांदी मोजणारा मात्र स्वतः फसतो.

ही जोडी चांदीचीच आहे, हें तिच्यावरील छापांवरून कळलें. इंग्लंडांत चांदीचा कस सरकारी नियमानें तपासून छाप उठविण्याची पद्धत सन १३०० पासून चालत आली आहे. तेथील प्रमाण चांदीच्या हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असते आणि उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो, कारण निव्वळ चांदी फार मऊ पडते. एक पंजा उचलून चालणारा सिंह हा या कसाचा छाप सन १५४४ पासूनचा. ज्या शहरीं तपासणी झाली त्या शहराचें चिन्ह वेगळें असतें: लंडनचें बिबट्याचें तोंड, आणि सन १७७३ पासून बर्मिंगहॅमचा नांगर. नांगर हें समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शहराचें चिन्ह कसें, असें आम्हांसही वाटलें होतें. परंतु आहे तें असें आहे. याखेरीज दर वर्षाचें एक अक्षर असतें, आणि कारागिराच्या किंवा पेढीच्या नांवाचीं आद्याक्षरें असतात. सन १७८४ पासून सन १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचें किंवा राणीचें मस्तकही उठवीत असत.

आतां आपल्या जोडीवर सिंह आहे, नांगर आहे, अक्षर आहे. मस्तक मात्र नाहीं. म्हणजे ती एक तर १७८४ च्या आधींची असावी, नाहीं तर १८९० च्या नंतरची. अक्षराचा तक्ता पाहतां विसाव्या शतकाच्या आरंभींचें वर्ष निघालें. भिंगाच्या कांचेनें आणि थोड्या धीरानें एवढें सारें कोणासही वाचतां येतें.

मोठ्या तबकाची गोष्ट निराळी. त्याच्या पाठीवर चार इवल्या चौकटी आहेत, आणि दुरून पाहणारास ते सरकारी छापच वाटतात. जवळून वाचतां ई, पी, एन, एस हीं चार अक्षरें निघालीं. याचा अर्थ जर्मन सिल्व्हरवर विजेनें चढविलेला चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्यें तांबें, निकेल व जस्त असतें. चांदी नांवापुरतीही नसते. विजेच्या मुलाम्याचें पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं सन १८४० मध्यें घेतलें, म्हणून विजेच्या मुलाम्याची वस्तु त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. त्याहून जुना प्रकार शेफील्डचा. तेथें अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास टॉमस बोल्सोव्हर यानें तांब्याच्या जाड तुकड्यावर चांदीचा पत्रा उष्णतेनें एकजीव करून दाखविला. त्या कामांत झिजलेल्या कडेवर तांब्याची लाली दिसूं लागते, आणि जाणते लोक ती लाली पाहून आनंदतात!

लोहचुंबक लावून पाहा, असा सल्ला आम्हांस पुष्कळांनीं दिला. चांदीस चुंबक चिकटत नाहीं हें खरें. पण तो तांब्यापितळेसही चिकटत नाहीं. कसोटीचा दगड चांगला, मात्र तो सराफाच्या हातीं असावा आणि कस दिसत्या जागेवरून घेऊं नये.

खरा वाद झाला तो मिस्साच्या जुन्या पेल्यावरून. त्यावर एकही छाप नाहीं, तेव्हां तो खोटा, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. हा तर्क बरोबर नाहीं. आपल्या देशांत चांदीवरचा सरकारी हॉलमार्क सन २००५ मध्यें सुरू झाला. त्यापूर्वींचें हिंदी काम बहुधा बिनछापाचें, किंवा फार तर कारागिराच्या अक्षरांचें असतें. भूजच्या उमरसी मावजी यांच्या वस्तूंवर ओ. एम. हीं अक्षरें सांपडतात. वेलपत्तीनें दाट भरलेल्या त्या कच्छी कामास संग्राहक चांदीच्या भावाच्या कितीतरी पट देतात, आणि म्हणूनच हीं अक्षरें खोटींही उठविलीं जातात. अक्षरें वाचावीं, पण काम पाहिल्यावांचून त्यांवर विश्वास ठेवूं नये. आणि नुसतें काम पाहावयाचें, तर गोव्यास बॉम जेझूच्या देवळांतील संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी पाहावी. ती गोव्याच्याच सोनारांनीं सन १६३६-३७ मध्यें घडविली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा मात्र तस्कनीच्या ड्यूकनें फ्लॉरेन्सहून पाठविलेला असून तो सन १६९८ मध्यें उभा झाला.

पेला हातीं घेऊन पाहतां असें दिसलें. नक्षी आंतून ठोकून उठविलेली असल्यामुळें पायाच्या पोकळींत तिचे खळगे उमटले आहेत. सांच्यांतून ओतलेल्या नकलेंत ते असे नसते. दांडीच्या गाठीवरील पानें एका बाजूस गुळगुळीत झालीं आहेत, कारण धर्मगुरूंचीं बोटें तेथेंच येतात. दोन ठिकाणीं जुनी झाळ आहे. आंतला सोन्याचा मुलामा ओठांच्या जागीं विरळ झाला आहे. आणि पायाच्या आंतल्या कडेला सुईच्या टोकानें ओढल्यासारखीं वांकडीं अक्षरें आहेत: एका बाईचें नांव, आणि पुढें पोर्तुगीज भाषेंतील 'दिलें' या अर्थाचा शब्द. साल नाहीं, आडनांव नाहीं.

धातूवरील चार खुणा किती सांगूं शकतात, हें आपल्या प्रांतांतल्या घंटांवरून दिसतें. सन १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर तेथल्या देवळांच्या घंटा मराठी मुलखांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हा आंकडा आहे. वाईजवळ मेणवलीस असलेल्या घंटेवर १७०७ हें साल आणि बाळ येशूसह मरियामातेची आकृति आहे. त्या घंटा वितळविल्या असत्या तर ओतीव धातूचा एक गोळा उरला असता, आणि त्या कोठून आल्या हें कोणी ओळखलें नसतें. परक्या देवळांत गेलेल्या घंटा टिकल्या, आणि आपल्याच कपाटांतला पेला आपण मुशींत घालावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

ख्रिस्तसभेचा नियमही येथें स्पष्ट आहे. सन १९८३ च्या धर्मसंहितेच्या १२९२ व्या कलमाप्रमाणें, नवस म्हणून दिलेली किंवा कलेच्या अथवा इतिहासाच्या दृष्टीनें मोलाची वस्तु रोमच्या पवित्र पीठाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. १२८३ व्या कलमानें तर अशा वस्तूंची वर्णन व किंमत यांसह अचूक यादी ठेवणें बंधनकारक आहे. शिवाय सन १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील कलावस्तु खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. घरच्या वस्तूंबाबतही हें लक्षांत असावें.

तेव्हां आमचें मत असें: कांहींही मोडीस देऊं नये. मेणबत्तीदानें सणासुदीस वापरावींत, तबक तबक म्हणून वापरावें, आणि पेल्यास जाणत्या माणसास दाखविल्यावांचून नवा मुलामा चढवूं नये. नव्या संचाचा नमुना आम्हीं पाहिला. तो पितळेचा आहे, वर पिवळी झिलई आहे, आणि दुकानदारानें तिची हमी दिलेली नाहीं.

भांडीं स्वच्छ करणाऱ्या भगिनींस एक विनंति. राख, रांगोळी व चिंच चांदीस लावूं नका. हवेंतील गंधकामुळें चांदी काळी पडते, आणि घासून काढतांना त्या काळेपणाबरोबर चांदीचा पातळसा थरही जातो. कित्येक जुन्या भांड्यांवरील छाप असेच पुसले गेले आहेत. सौम्य साबण, कोमट पाणी व मऊ सुती फडकें पुरे. भांडीं कोरडीं करून सुती कापडांत गुंडाळावींत. रबराचें बंधन लावूं नये, त्यांतही गंधक असतें.

यादीची वही, वजनें, मापें व छायाचित्रें यांसह, फादर विगार यांच्या कचेरींत ठेविली आहे. पेल्यावरील बाईचें नांव तींत जसेंच्या तसें उतरून घेतलें आहे. वयोवृद्ध मंडळींनीं येत्या रविवारीं मिस्सानंतर तें पाहून जावें; कोणाच्या घराण्यांत तें नांव ऐकलेलें असेल, तर त्यापुढची ओळ आम्हीं रिकामी ठेविली आहे.